तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या रेडिओवर गावची बातमी का नसते?

बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडून, कुठेही ओळख निघाली की हा प्रश्न येतोच. "गावात एवढं राजकारण तापलंय, आन् तुमच्या रेडिओवर चकार शब्द नाही. घाबरता का कुणाला?"

भीती वाटत नाही असं नाही. छोट्या गावात सगळेच एकमेकांना ओळखतात. पण खरं कारण वेगळं आहे. आम्हाला बातमी द्यायची परवानगीच नाही.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे एखाद्या संस्थेनं आसपासच्या लोकांसाठी चालवलेल्या छोट्या केंद्रावर, निवेदिका आहे. शंभर वॅटचा ट्रान्समीटर, आवाज जातो तो आसपासच्या गावांपुरता. अशी केंद्रं आधी फक्त शिक्षणसंस्थांना काढता यायची. २००६ च्या धोरणानं ती स्वयंसेवी संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही खुली केली. पण बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय कार्यक्रम करायचे नाहीत, ही अट त्याच धोरणात आहे. पुढे आकाशवाणीची बातमीपत्रं आहेत तशी लावायची मुभा मिळाली. त्यामुळे दिल्लीत काय झालं ते आमच्या केंद्रावरून ऐकू येतं, ग्रामसभेत काय झालं ते येत नाही. शहरातल्या खासगी एफएमनाही स्वतःच्या बातम्या करता येत नाहीत, पण तिथल्या माणसाला दहा वर्तमानपत्रं आहेत. आमच्या वाडीचं नाव छापून यायला आधी तिथं काहीतरी वाईट घडावं लागतं.

हवामान, परीक्षा, यात्रा आणि प्रशासनानं कळवलेली वीज-पाण्याची माहिती, एवढं आम्ही देऊ शकतो. उन्हाळ्यात त्यात टँकरचं वेळापत्रक असतं. मी ते रोज वाचते.

एका मे महिन्यात थेट फोनचा कार्यक्रम चालू होता. विषय उन्हाळ्यातलं लहान मुलांचं आजारपण. एका मावशींचा फोन लागला. मुलांबद्दल दोन वाक्यं बोलल्या आणि म्हणाल्या, "बाई, तू रोज सांगतीस तीन खेपा म्हणून. आमच्याकडं एकच येती. बाकीच्या दोन कुणाच्या शेततळ्यात जात्यात, ते सांग की." पाठोपाठ त्यांनी ग्रामपंचायतीच्या एका सदस्याचं नाव घेतलं. माझा हात फेडरवर, आवाज कमी-जास्त करायच्या पट्टीवर, होताच. मी तो खाली ओढला आणि म्हणाले, "मावशी, आवाज तुटतोय तुमचा." आवाज तुटत नव्हता. मग मी गाणं लावलं.

नियमानं मी बरोबर वागले. ऐकणाऱ्या प्रत्येकाला मात्र कळलं की फोन मी कापला, आणि कुणासाठी कापला याचा अंदाज ज्यानं त्यानं आपापल्या परीनं बांधला. दुसऱ्या दिवशी मावशींच्या वाडीतल्या एका पोरानं मला विचारलं, "ताई, तुमच्यावर कुणाचा दाब आहे?" नियम गप्प बसवतो आणि संशय आमच्यावर येतो, हे मला सगळ्यांत लागतं.

आमच्या घरी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आकाशवाणी पुण्याचं बातमीपत्र लागायचं. दूध घालून आलेले वडील चहा घेत उभ्यानंच ऐकायचे. जून २०२३ मध्ये पुण्याचा तो वृत्तविभाग बंद करायचा आदेश निघाला, तेव्हा लोकांनी ओरड केली आणि आदेश थांबला. लोकांना रेडिओ नको झालाय म्हणणाऱ्यांनी ते दिवस आठवावेत. पण तेही पडलं प्रादेशिक बातमीपत्र. त्यात आमच्या तालुक्याला महिन्यातून एखादं वाक्य मिळणार.

राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर २०२२ च्या सुमारास प्रशासक बसले आणि मतदान झालं ते थेट डिसेंबर २०२५ मध्ये. एवढ्या वर्षांत लोकांना विचारायला नगरसेवक नव्हता. निवडणूक आली तेव्हा आम्ही 'मतदान करा' एवढंच सांगू शकलो. उमेदवारांना एका टेबलाशी बसवून पाण्याबद्दल विचारणं आम्हाला बंद होतं. ते काम व्हॉट्सॲपच्या ग्रुपांनी केलं. एकेक ग्रुप एकेका गटाचा, आणि खोटं निघालं तर धरायचं कुणाला?

या बंदीविरुद्ध २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. तिथं सरकारनं सुरक्षेचं आणि देखरेखीचं कारण पुढे केलं. ती काळजी मी उडवून लावत नाही. रेडिओ हाती आला की कोणता पुढारी काय करेल, ते मीही जाणते. पण १९९५ मध्ये याच न्यायालयानं रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं म्हटलं होतं. निदान ग्रामसभा तरी आहे तशी ऐकवू द्या. ती उघड्यावर भरते, कुणीही येऊन बसावं अशी असते. शेतात, चुलीपाशी, गोठ्यात असलेल्या बाईला ती तिथून ऐकता यावी, एवढंच माझं मागणं आहे. आणि देखरेखच हवी असेल, तर आमचा प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायची सक्ती आमच्यावर आजही आहे.

मावशींच्या त्या फोनचं रेकॉर्डिंगही तसंच ठेवलं होतं. तीन महिने केव्हाच उलटले. मी ते पुसलेलं नाही.