विमानातून उतरलेल्यांची यादी

यादी सकाळी यायची. मार्च २०२०, नुकतीच होळी होऊन गेलेली. मुंबईला विमानातून उतरून पुण्यात आलेल्यांची नावं, पासपोर्टवरचा पत्ता, कुठल्या देशातून आले, कधी उतरले आणि मोबाईल नंबर. आपल्या हद्दीतल्या नावांवर पेनाने टिक करायची, पर्समध्ये थर्मामीटर टाकायचा आणि निघायचं. कोथरूड-कर्वेनगर पट्ट्यातल्या एका दवाखान्यात मी तेव्हा एएनएम होते. कागदावर ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, लोकांच्या तोंडी सिस्टर आणि बाळाला लस देण्याच्या दिवशी सुईवाली बाई. आता निवृत्त आहे, म्हणून हे लिहायला सवड झाली.

पासपोर्टवरच्या पत्त्यावर पुणेकर सापडेल ही पहिली भाबडी समजूत. वाडा पाडून बिल्डिंग झाली, बिल्डिंगमधला फ्लॅट भाड्याने देऊन मंडळी बावधनला गेली, पासपोर्टवर मात्र अजून सदाशिव पेठच. फोन लावावा तर नंबर तिकडच्या सिमचा, बंद. मग आमची जुनी पद्धत. वॉचमन, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा किराणावाला. "अमक्यांच्या घरी कोणी बाहेरगावाहून आलंय का हो?" एवढंच विचारायचं. 'परदेश' म्हणायचं नाही आणि 'कोरोना' तर नाहीच. इस्त्रीवाल्याला सगळं ठाऊक असतं. चार महिने बंद असलेल्या घरातून एकदम दोन गाठोडी कपडे आले, की सुना-मुलांकडून आजी-आजोबा परत आलेत, हे त्याने ओळखलेलं असतं.

हे काम आम्हाला नवं नव्हतं. जानेवारीतच पोलिओचा रविवार झाला होता. घरोघर जायचं, बाळाच्या डाव्या करंगळीला मार्करने खूण करायची, दारावर खडूने लिहायचं. सगळी मुलं झाली असतील तर 'पी', कोणी राहिलं असेल तर 'एक्स'. 'एक्स'च्या घरी पुन्हा जायचं, आणि पुन्हा पुन्हा जायचं. कुठल्या जिन्याला दिवा नाही आणि कुठल्या घरातलं कुत्रं नुसतं भुंकतं, हे आम्हाला पाठ. शहराची ही माहिती कुठल्याही कॉम्प्युटरवर नाही. ती आमच्यासारख्यांच्या चपलांत आहे.

राज्यातले पहिले दोन रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले. दुबईची सहल करून आलेलं जोडपं. ४० जणांचा ग्रुप होता, १ मार्चला मुंबईत उतरला आणि तिथून हे दोघे टॅक्सीने पुण्याला आले. नायडू हॉस्पिटलमध्ये त्यांना ठेवलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे धुळवडीला, आणखी तिघे निघाले. त्यांची मुलगी, विमानातला एक सहप्रवासी आणि तो टॅक्सीवाला. पुढे त्याच ग्रुपमधले रुग्ण मुंबईत सापडले, यवतमाळला सापडले.

मला आजही राहून राहून आठवतो तो टॅक्सीवालाच. त्याने कुठला देश पाहिला होता? मुंबई-पुणे रस्ता, बस. तीन-चार तास काचा वर करून एसीत बसला, एवढाच त्याचा परदेश प्रवास.

आणि जोडप्याने काही लपवलं होतं असंही नाही. ते उतरले त्या दिवशी तपासणी व्हायची ती बारा देशांतून येणाऱ्यांची. चीन, हाँगकाँग, जपान, कोरिया, इराण, इटली वगैरे. दुबई त्यात नव्हती. सगळ्याच आंतरराष्ट्रीय प्रवाशांना तपासायचं हे ४ मार्चला ठरलं. तपासलं असतं तरी काय कळलं असतं म्हणा. विमानतळावरचा तो कॅमेरा कपाळाची उष्णता बघतो. अंगात विषाणू शिरून दोन दिवस झाले आहेत आणि ताप अजून चढायचाय, असा माणूस त्याच्यासमोरून हसत बॅग ओढत जातो. विमानात क्रोसिन घेतलेला माणूसही तसाच जातो. म्हणून तर चौदा दिवस मोजायचे असतात, आणि ते विमानतळावर मोजता येत नाहीत, घरीच मोजावे लागतात.

देशांच्या याद्या त्यानंतरही येत राहिल्या. १३ मार्चपासून सात देशांतून येणाऱ्यांना चौदा दिवस सक्तीने वेगळं ठेवायचं ठरलं. चीन, इराण, इटली, कोरिया, फ्रान्स, स्पेन, जर्मनी. १८ मार्चपासून त्यात आखातातले चार आले, तेव्हा कुठे दुबईचा नंबर लागला. आमचं जोडपं नायडूत दाखल होऊन तोवर नऊ दिवस झाले होते. आणि या दोन्ही याद्यांत अमेरिका नव्हती! कर्वेनगरच्या सिस्टरला कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, की इथल्या प्रत्येक सोसायटीत किमान एक आजी न्यू जर्सीहून बाळंतपण उरकून परत येतेय. यादी करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. जिथे रुग्ण सापडले तो देश यादीत जातो, आणि जिथे तपासणीच होत नाही तिथे रुग्ण सापडत नाहीत. आजार एक मुक्काम पुढे असणारच. फक्त यादीत नाव नाही म्हणजे माणूस निर्धोक, असं समजू नये, एवढं आम्ही आपसात ठरवलं होतं.

घरात गेल्यावर काय विचारायचं ते फॉर्मवर छापलेलं असे. ताप आहे का, खोकला आहे का, धाप लागते का. सगळ्यांचं उत्तर 'नाही'. कुठून आलात म्हटलं की माणूस ताठ होतो. एक काका दारातच उभे राहिले.

"आम्ही इटलीला गेलोच नाही. लंडनला मुलाकडे होतो."

"बरं. विमान कुठे बदललं काका?"

"रोमला. पण आम्ही बाहेर नाही पडलो हो, आतच बसलो होतो. सहा तास."

मी दारातच लिहून घेतलं. मग म्हटलं, "काकू, भांड्यांना बाई येते का?" काकू आतून म्हणाल्या, "येते ना, आत्ताच गेली."

खरी माहिती अशी मिळायची. 'संपर्कात कोण आलं' हा प्रश्न विचारला की 'कोणी नाही'. दूध कोण आणतं, पोळ्यांना कोण येतं, नातू दिवसा कोणाकडे असतो, रविवारी देवळात गेला होतात का, असं विचारलं की उत्तरं आपोआप येतात, आणि त्यातूनच यादी तयार होते. ती पोळीवाली मावशी आणखी पाच घरी जाते. तिला चौदा दिवस येऊ नका म्हणायचं तर तिचे पगार द्यायला या पाच घरांना कोण सांगणार? मी सांगायचे. माझं ते काम नव्हतं. पण पगार कापला तर मावशी सातव्या घरी कामाला लागणार, हे मला दिसत होतं. बहुतेकांनी दिले. एका बाईंनी 'अर्धा देते' म्हणून घासाघीस केली, त्यांच्या घरी मी पाणीसुद्धा प्यायले नाही.

अशा वेळी पुण्यात अधिकच जपून बोलावं लागतं. १३ मार्चला राज्यात साथरोग कायदा लागू झाला, तो १८९७चा. प्लेगच्या वेळी केलेला. त्याच वर्षी पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरून रोगी शोधत होते, आणि २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबाचं काय झालं ते इथल्या शाळकरी पोरालाही विचारा. कायदा तोच, शहर तेच. मी मात्र चप्पल दाराबाहेर काढून आत जायचे आणि स्वयंपाकघराकडे बघायचेही नाही.

१६ मार्चला शिक्क्यांचा निर्णय झाला. घरी वेगळं राहायला सांगितलेल्यांच्या डाव्या हातावर मागच्या बाजूला शिक्का, कधीपर्यंत घरात राहायचं ती तारीख. मुंबईच्या शिक्क्यावर तर मुंबईकरांचं रक्षण करण्याचा अभिमान वगैरे मजकूर इंग्रजीत होता. शाई मतदानाच्या शाईसारखी, न जाणारी. दोनच महिन्यांपूर्वी याच डाव्या हाताच्या करंगळीला खूण करून घेतलेली पोरं बोट नाचवत मैदानात पळत होती. मोठ्या माणसांनी मात्र शर्टाच्या बाह्या ओढायला सुरुवात केली. १८ तारखेला पालघरला गरीब रथमधून चौघांना उतरवलं. जर्मनीहून आलेले, हातावर शिक्का, सुरतेला घरी निघालेले. शेजारच्या प्रवाशांचं लक्ष गेलं म्हणून कळलं. ते वाचून मला दोन्ही वाटलं. रेल्वेत बसायला नको होतं हे खरंच. पण घरी राहा असं हातावर छापलंय आणि घर सुरतेला, तर माणसाने जावं कसं, याचं उत्तर त्या शिक्क्यावर नव्हतं.

शिक्क्याने आमचं काम सोपं झालं का? थोडं झालं. रस्त्यावर फिरणारा ओळखू यायला लागला. पण सोसायट्यांचे चेअरमन फोन करून 'आमच्या बिल्डिंगमधल्यांची नावं द्या, ग्रुपवर टाकायची आहेत' म्हणायला लागले. नावं देणार नाही म्हटलं की आवाज चढायचा. एके ठिकाणी आजी-आजोबांच्या दारासमोरचा कचरा उचलायला तीन दिवस कोणी आलं नव्हतं आणि लिफ्टमध्ये चिठ्ठी लावली होती, तुम्ही जिना वापरा म्हणून. पाचवा मजला, आजोबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. याचा परिणाम काय होतो तो सांगते. पुढच्या आठवड्यात त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या विंगेत कोणाची मुलगी दोह्याहून आली, तर तिला गुपचूप रात्री गाडीतून आणलं आणि यादीत ती आम्हाला दोन दिवस सापडली नाही. लोक भ्यायले की आजार सांगत नाहीत. टीबीच्या कामात हे मी वीसेक वर्षं पाहत आले होते.

नायडूतून ते पहिलं जोडपं बरं होऊन घरी गेलं ते २५ मार्चला, गुढीपाडव्याला. चोवीस तासांच्या अंतराने दोन तपासण्या निगेटिव्ह आल्या की सोडत. तपासणी आपल्याच एनआयव्हीत, म्हणजे पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत. जानेवारीत देशभरातले नमुने इथे यायचे, पुण्याचे तर डब्यात बर्फ घालून गाडीने तासाभरात पोचायचे. पुण्याचं हे नशीब बाकीच्या गावांना नव्हतं.

२२ मार्चपासून परदेशी विमानं उतरायची बंद झाली. म्हणजे शेवटच्या माणसाचे चौदा दिवस ५ एप्रिलला भरत होते. त्या रात्री नऊ वाजता लोकांनी दिवे लावले, मी यादीतली शेवटची पाच-सहा नावं फोनवरून पूर्ण केली आणि कागद पंच करून फाइलला लावले. वाटलं, झालं.

एप्रिलमध्येच आम्हाला भवानी पेठेकडे ड्युटी लागली. फॉर्म तोच होता. पहिला प्रश्न अजूनही परदेश प्रवासाचाच. एका वाड्यात दारातच बसलेल्या ताईंना मी तो विचारला. त्या पदराआड हसल्या.

"माहेर सासवडला आहे सिस्टर. ते धरता का?"

मी 'नाही' लिहिलं आणि घरात माणसं किती ते विचारलं. अकरा. खोली एकच, मध्ये साडीचा पडदा, संडास वाड्याचा सामाईक. सासऱ्यांना कालपासून ताप. फॉर्मच्या मागे 'वेगळी खोली, वेगळे स्वच्छतागृह' अशी सूचना छापलेली होती. ती न वाचता मी बाहेर आले आणि सासऱ्यांसाठी गाडी आणि खाट कुठे मिळते ते बघायला फोन लावला.