मिशनवरच्या जवानाचं रिटर्न

12 जुलै, अमळनेर

कपाशीची निंदणी ऐन भरात, आणि यूएनच्या शांतता मिशनवर गेलेल्या जवानांच्या घरून फॉर्म 16 (पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) घेऊन आयकर रिटर्न भरायला सायबर कॅफेत चकरा सुरू झाल्या. तिथला पोरगा पाच मिनिटांत आयटीआर-1, म्हणजे निवासी पगारदाराचा साधा फॉर्म, भरून देतो. घोळ तिथंच होतो.

सरकार परदेशातल्या सेवेसाठी तिथं जो भत्ता देतं, तो आयकर कायद्याच्या कलम 10(7) खाली करमुक्त आहे; करपद्धत जुनी असो की नवी. मूळ पगार आणि महागाई भत्ता मात्र करपात्रच. जवान काँगोत असो की दक्षिण सुदानात, सरकारी पगार भारतातच मिळाला असं कायदा धरतो.

मग जवान करासाठी निवासी की अनिवासी हे ठरवायला दिवस मोजायचे, 1 एप्रिल ते 31 मार्च. निघाला त्या वर्षी भारतात 182 दिवस भरले नाहीत, तर तो अनिवासी. ऑक्टोबरात निघालेल्याचे भरतात, मे महिन्यात निघालेल्याचे नाही. आणि कलम 87ए चं रिबेट, म्हणजे ठरावीक उत्पन्नापर्यंत कर माफ करणारी सूट, फक्त निवासी माणसाला आहे! 2025-26 मधला करपात्र पगार 9,75,000 धरू. नव्या पद्धतीत 75,000 ची ठरलेली वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) काढली की राहिले 9 लाख. त्यावर कर 30,000, सेस (करावरचा उपकर) धरून 31,200. निवासी असेल तर हा आकडा शून्य होतो, अनिवासी असेल तर पूर्ण भरावा लागतो. फॉर्म 16 मध्ये कर शून्य दिसला म्हणून निर्धास्त राहायचं नाही. तिथं निवासी धरून हिशेब झालेला असू शकतो, आणि मग नोटीस येते ती व्याजासकट. म्हणून मूव्हमेंट ऑर्डर (मिशनवर रवाना होण्याचा आदेश) आणि पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवायचे. अनिवासीला आयटीआर-2 लागतो. त्यात पगाराच्या शेड्यूलमध्ये 10(7) निवडून भत्त्याची रक्कम टाकायची, नाहीतर तोही करात धरला जातो.

देशातल्या फील्ड एरिया भत्त्याची (अवघड भागातल्या तैनातीच्या भत्त्याची) गोष्ट वेगळी. महिन्याला 2,600 पर्यंतची त्याची सूट जुन्या पद्धतीतच मिळते, आणि रिटर्नची मुदत चुकली की त्या वर्षापुरती जुनी पद्धत हातची गेली.

घरच्यांना सगळ्यात जास्त छळतो तो रिटर्न व्हेरिफाय करायचा ओटीपी. आधारला जोडलेलं सिम जवानासोबत परदेशात बंद पडलेलं असतं, आणि रिटर्न भरल्यापासून 30 दिवसांत ते व्हेरिफाय झालं नाही तर व्हेरिफाय झालेली तारीखच भरल्याची तारीख धरतात, आणि मुदत हुकू शकते. सिम घरी ठेवून गेलेलं बरं. तसं झालं नसेल तर पोचपावतीची प्रिंट जवानाच्या सहीनिशी स्पीड पोस्टानं बेंगळुरूच्या आयकर केंद्राला (सीपीसी) पाठवायची. परदेशातून सही होऊन कागद यायला वेळ लागतो, तेवढे दिवस आधीच हाताशी ठेवायचे.