टोमॅटोवरचा करपा, जो नव्हताच

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आमच्या मुलुंडच्या घरातल्या पश्चिमेच्या ग्रिलमध्ये टोमॅटोच्या पानांवर ठिपके दिसले. पातळ कागदाला उदबत्ती टेकवावी तसे: मधे भुरे, कोरडे, कडा स्पष्ट. चारपैकी दोनच झाडांवर. मी तिथल्या तिथे निकाल दिला, करपा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग. नर्सरीतून कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पुडी आणली आणि भर दुपारी फवारली. ठिपके वाढले!

शेवटी मामाला फोन केला. तो नारायणगावजवळ टोमॅटो लावतो. फोटो बघून औषध सांगेल असं वाटलं होतं, पण त्याने उलट मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. ठिपक्यात एकात एक गोल वलयं आहेत का? नाहीत. खालच्या जुन्या पानांपासून सुरू झालं का? नाही, उन्हाकडची, बाहेरची पानंच. सावलीत दडलेली पानं? स्वच्छ.

"ठिपके यायच्या आधी काय मारलं होतंस?"

मिलीबग, म्हणजे ती पांढरी कापसासारखी कीड, झाला होता म्हणून नीमतेल. ते पाण्यात मिसळत नाही, म्हणून त्यात भांडी घासायचं लिक्विड, अंदाजाने एक धार. रविवारी बारा वाजता, कारण इतर दिवशी लोकलमधून घरी येईपर्यंत अंधार पडतो. आणि हो, बाटली संपली म्हणून टोकाची दोन झाडं राहूनच गेली होती. ठिपके नसलेली झाडं तीच.

"अगं, तू पानं तळलीस," मामा म्हणाला.

मला पटायला वेळ लागला. आपणच केलंय हे मान्य करण्यापेक्षा बुरशी झालेली परवडते. मग त्यानेच दोन गोष्टी करायला सांगितल्या. तीन पानांवरच्या ठिपक्यांभोवती मार्करने गोल काढायचा आणि रोज बघायचं. शिवाय दोन डागाळलेली पानं ओल्या टिश्यूवर झिपलॉक पिशवीत ठेवायची; बुरशी असेल तर दोन-तीन दिवसांत ओलाव्यात लव दिसते. पिशवी मी फ्रिजच्या वर ठेवली. सासूबाईंनी ती कोथिंबीर समजून आत ठेवली, त्यामुळे पहिला प्रयोग वाया गेला. दुसऱ्या वेळी पिशवीवर चिठ्ठी लावली. तीन दिवसांनी पानं पिवळट आणि मऊ झाली होती, पण लव कुठेच नाही.

मार्करच्या गोलाबाहेर एकही ठिपका गेला नाही. शेंड्याकडची नवी पानंही निर्मळ निघाली.

मधल्या काळात खालच्या पानांवर वेगळंच सुरू झालं: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. हेही जंतूंचं काम नव्हे, मॅग्नेशियमची कमतरता. माझ्या कुंड्यांत माती थोडी आणि न धुतलेलं कोकोपीटच (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त; ते मॅग्नेशियम स्वतःकडेच धरून ठेवतं. एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, लिटरला एक छोटा चमचा, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा दिलं. पिवळी झालेली पानं काही हिरवी झाली नाहीत, पण त्यांच्या वरची पिवळी पडायची थांबली.

आता नीमतेल ऊन उतरल्यावर, लिटरला पाच मिली, लिक्विडचे मोजून थेंब, आणि आधी एकाच पानावर. दोन दिवस काही झालं नाही तरच पूर्ण झाडाला. कॉपरची उरलेली पुडी मामाने मागितली आहे. जळकी पानं मी तोडलेली नाहीत. अर्धं पान हिरवं असेल तर ते अजून कामाचं आहे, असं मामाचं म्हणणं. मार्करचे गोल अजून तसेच आहेत.