सत्तरीत चार दिवस आणि धबधबा नसलेला व्हिडिओ

झालं असं की माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आपल्या घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या बांधल्या, पाहुण्यांसाठी, आणि एप्रिलच्या शेवटी मला फोन केला की तू फोटोबिटो काढतोस ना, मग आमचा दोन मिनिटांचा व्हिडिओ करून दे, लोक यायला पाहिजेत. मी म्हापशात राहतो. आमच्याकडे टुरिस्ट इतके येतात की शनिवारी मार्केटात जायचं म्हणजे आधी पार्किंगचं टेन्शन. तरी म्हटलं जाऊया, निदान उकाड्यातून सुटका.

उकाड्यातून सुटका वगैरे काही झाली नाही, ते आधीच सांगतो.

पणजीहून सत्तरीतलं मुख्य गाव वाळपई चाळीसेक किलोमीटर, बसने आरामात दीड तास. सत्तर गावांची म्हणून सत्तरी. वाळपईच्या बसस्टँडवर उतरलो आणि पुढच्या बसचं विचारलं तर एक म्हातारे काका म्हणाले, "आता कसली बस, ती गेली. कुणाच्या तरी बाईकवर बस जा." गेलो तसाच. टुरिझम टुरिझम म्हणून सगळे ओरडतात, पण दुपारनंतर गावात जायला बस नाही हे कुठल्याच पोस्टरवर लिहिलेलं नसतं.

वाटेत करमळीला ब्रह्मदेवाच्या देवळात थांबलो, वाळपईपासून 7-8 किलोमीटर असेल. काळ्या दगडाची चार तोंडांची कदंबकाळातली मूर्ती, मूळ पणजीकडच्या तिसवाडी तालुक्यातल्या करमळीची, पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी ती इथे आणली आणि येताना गावाचं नावही सोबत घेऊन आले. म्हणून हे ब्रह्मकरमळी. मला तर मूर्तीपेक्षा ही गोष्टच जास्त आवडते. देवळात आम्ही दोघंच, एक मी आणि एक झोपलेला कुत्रा.

घरी पोचलो तर वहिनीने आधी पेज वाढली. उकड्या तांदळाची, सोबत सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खोबरं घातलेली किसमूर आणि घोटांचं सासव. घोट म्हणजे छोटे रानटी आंबे, कोयच जास्त, गर कमी, पण मोहरी वाटून गूळ घालून सासव केलं की माणूस कोय अर्धा तास चोखत बसतो. मी कॅमेरा काढला तशी वहिनी ओरडली, "अहो भावोजी, हे काय शूट करता, ही काय दाखवायची वस्तू?" मी म्हटलं वहिनी, हीच दाखवायची वस्तू आहे.

इथूनच आमचं भांडण सुरू झालं, म्हणजे भांडण नाही, पण चार दिवस हाच विषय. दादाला धबधबा हवा होता. पावसाळ्यातले जुने क्लिप त्याच्याकडे होते, पांढरं पाणी, धुकं, मागे गाणं. वहिनी ठाम की धबधबा दाखवायचा नाही. तिचं म्हणणं मला पटलं, कारण ती हिशेब सांगत होती. पावसाळ्यात गाड्या भरभरून लोक येतात, बिर्याणी घरून आणतात, बियर वाटेत घेतात, पाण्यात उतरतात आणि संध्याकाळी परत. गावात राहतं काय? बाटल्या आणि कागदी प्लेटा. एक रुपया कुणाच्या हातात पडत नाही. वर कोण तरी बुडतो. 2023 च्या पावसात तर अशा घटनांनंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदीच घातली होती, तेव्हा चौकशीला पोलीस आले ते पण गावातच, शहरात नाही.

दुसऱ्या दिवशी दादाने काजूच्या भाटीवर नेलं, म्हणजे जिथे काजूची दारू गाळतात तिथे. सकाळी सहाला निघालो, डोंगरावर बोंडू, म्हणजे काजूचं फळ, गोळा करायला बायका आधीच पोचलेल्या. पडलेलंच बोंडू घ्यायचं, झाडावरचं ओढायचं नाही, नाहीतर रसाला गोडी येत नाही. बी पिळून वेगळी, बोंडू कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडीत, टाकून तुडवायचा, पहिला जोराचा रस जातो आंबायला, आणि नंतर दाबून ठेवलेल्या चोथ्यातून थेंबथेंब गळतो तो नीरो, तो तसाच प्यायचा, थंड. आंबलेला रस भाटीवर उकळून एकदा गाळला की हुराक, परत गाळली की फेणी. काजू फेणीला 2009 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचा टॅग, मिळाला पण भाटीवरच्या माणसाला तुम्ही ते सांगायला गेलात तर तो फक्त मान हलवतो आणि लाकूड पुढे सारतो. मी चार तास तिथे होतो. धुराने डोळे लाल, अंगाला वास असा की दुसऱ्या दिवशी आंघोळ करून पण वहिनीने लांब बसवलं. पुण्या-मुंबईचा माणूस या चार तासांसाठी आनंदाने पैसे देईल, आणि ते पैसे त्या बोंडू गोळा करणाऱ्या बायकांपर्यंत पोचतील, फक्त कुणी तरी ते नीट लावून द्यायला हवं.

नाणूसचा किल्ला पण बघितला, बघितला म्हणजे काय, जागा बघितली. पोर्तुगिजांविरुद्ध बंड करणाऱ्या दीपाजी राण्यांनी 1852 मध्ये त्यांच्याकडून घेतला तो हाच. बोर्ड वाचायला पाच मिनिटं, गोष्ट सांगायला कुणी असेल तर दोन तास.

म्हादई नदीवर संध्याकाळी गेलो. पावसात जिथे राफ्टिंग होतं तिथे एप्रिलमध्ये गुडघाभर पाणी, पोरं दगडावरून दगडावर उड्या मारत होती. नदी वर कर्नाटकात भीमगडकडे उगम पावते आणि पाणी वळवण्यावरून गोवा आणि कर्नाटकात किती वर्षं केस चाललीय ते सगळ्यांना माहीत आहे, 2018 ला लवादाने वाटणी दिली तरी मिटलं नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहून हा विषय निघाला की लोक हळू आवाजात बोलतात.

आणि वाघ. म्हादई अभयारण्य 208 चौरस किलोमीटरचं, 1999 पासून. जानेवारी 2020 मध्ये गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, गुरं मारली म्हणून विष घातलं होतं. शहरातले माझे मित्र म्हणतात वाघ आहेत म्हणून टुरिस्ट येतील. दादा म्हणतो वाघ आलाय तो आमच्या गोठ्याजवळ, नुकसान भरपाई येईपर्यंत दुसरी म्हैस घ्यायची कुठून? दोघांचं पण खरं आहे आणि मला मध्ये काही बोलता आलं नाही.

खोल्यांचं रजिस्ट्रेशन अजून झालेलं नाही. दादा एका ऑफिसात तीन वेळा जाऊन आला, दर वेळी एक नवीन कागद. तोपर्यंत ओळखीतले येतात, फोन करून. म्हणून मी गावाचं नाव टाकत नाही, लोकेशन तर अजिबात नाही.

व्हिडिओ शेवटी दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा झाला. भाटी, पेज, ब्रह्मदेव, रात्रीचा अंगणातला काळोख. धबधबा नाही. वहिनीला पाठवला तर तिचा एकच मेसेज आला, प्रत्येक क्लिपमध्ये आमचा कोंबडा ओरडतोय तो काढता येतो का. काढता येतो. मी नाही काढला.