झिपरीचं नवं घर: पहिले 26 दिवस

झिपरी म्हणजे माझी पाळलेली मोठी केसाळ कोळीण, कर्ली हेअर टॅरँटुला (शास्त्रीय नाव ट्लिल्टोकाटल अल्बोपिलोसस). पायांचा पसारा आता 12 सेंमी झालाय आणि जुना डबा अपुरा पडायला लागला होता. नवा काचेचा आणला, पण अर्ध्याअधिक उंचीपर्यंत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मातीच भरली. जमिनीवर राहणाऱ्या या जातींचं पोट फार नाजूक असतं, उंचावरून पडून फुटलं तर वाचणं कठीण. म्हणून मातीपासून झाकणापर्यंत 17 सेंमीच मोकळे ठेवले, पसाऱ्याच्या दीडपटीच्या आत. जाळीचं झाकणही काढलं. जाळीत पायांची नखं अडकतात. त्याऐवजी भोकं पाडलेलं ॲक्रिलिक बसवलंय.

दिवस 1. मऊ ब्रशने मागच्या पायांना हलकेच स्पर्श करून तिला छोट्या डब्यात घेतलं. तेवढ्यातही तिने बचावासाठी पोटावरचे केस झाडलेच. तिथलं टक्कल आणखी थोडं वाढलं, खालची कातडी फिकट दिसते.

दिवस 2 ते 4. भिंतीवरच मुक्काम. नव्या जागेत दोन-चार दिवस असं चालतंच, म्हणून मी गप्प बसले. पण चौथ्या रात्री नीट पाहिलं तर आठपैकी एकही पाय मातीवर नव्हता. मूठभर माती दाबली, तळवा ओला झाला. चूक माझी होती, कोकोपीट नीट पिळून घेतलंच नव्हतं. तिला परत बाहेर काढायचा मोह झाला, पण तो तिच्यासाठी दुसरा धक्का ठरला असता. ती पलीकडच्या भिंतीवर असताना चमच्याने वरचा थर काढला आणि कोरडी माती पसरली.

दिवस 6. आज मी अर्धा तास नुसती बघत होते. पुढचा एक पाय खाली आला, टोक मातीला लागलं, लगेच वर गेला. परत आला, या वेळी टेकून राहिला. मग दुसरा. डोळ्यांनी तिला जवळजवळ काहीच दिसत नाही, सगळं ज्ञान पायांतून. सहाव्या पायापर्यंत मी श्वास रोखून होते.

दिवस 9. खोदकाम सुरू! कॉर्कच्या सालीखाली मी अंगठ्याने खळगा करून ठेवला होता, तोच तिने पसंत केला. मातीचा गोळा जबड्यांत धरायचा, बाहेर आणायचा, ठेवायचा, परत आत. तीन गोळे पाण्याच्या वाटीत गेले. वाटी धुऊन परत भरली.

दिवस 10. नाकतोडा दिला, तिने पाठ फिरवली. रात्रीच काढून घेतला. पोट गुबगुबीत असलं की काही आठवडे न खाल्ल्याने बिघडत नाही.

दिवस 14. आज मात्र झडप घालून घेतला. बिळाच्या तोंडाशी रेशमाची चटई अंथरलीय.

दिवस 22. परत नकार. आणि टक्कल काळपट पडलंय.

दिवस 26. सकाळी बिळाचं तोंड आतून माती आणि रेशमाने बंद. कात टाकायची तयारी दिसते. आता साल उचलून बघायचं नाही, टॉर्च मारायचा नाही, जिवंत किडा टाकायचा नाही. बाहेर आल्यावरही सुळे पांढऱ्याचे काळे होईपर्यंत खाणं बंदच. पाण्याची वाटी तेवढी रोज भरतेय.