दिवाळीच्या साबणाचा वास: आषाढातल्या चाचणीचा निकाल

दिवाळीच्या साबणाला वास कोणता द्यायचा ते ठरवण्यासाठी आषाढातच छोटे घाणे घालून ठेवले होते. पावसाळी हवेत वड्या सुकता सुकत नाहीत, पंख्याखाली ठेवूनही वर ओल धरतात. पण आता क्युअरिंग, म्हणजे वड्या काही आठवडे सुकवून मुरवणं, नीट झालंय, तेव्हा लिहूनच टाकते.

तेलं नेहमीचीच: खोबरेल, राइस ब्रान आणि थोडं एरंडेल, सुपरफॅट (साबण न होता तसंच उरणारं तेल) ५ टक्के. वासाचं तेल एकूण तेलाच्या ३ टक्के, म्हणजे ५०० ग्रॅमला १५ ग्रॅम. सगळं मिश्रण एकदमच हलक्या ट्रेसला, म्हणजे नुकतं दाटसर होऊ लागेपर्यंत, आणलं आणि मग वेगवेगळ्या मगांत ओतून वास मिसळले. म्हणजे फरक पडला तर तो वासामुळेच.

संत्र्याने ओतताना घर दणाणून सोडलं. आता वडी नाकाला लावली तरी नुसता साबण. या तेलात जवळजवळ सगळं लिमोनीनच, आणि ते टिकायचं नाव घेत नाही. लिंबाकडे झुकणारा वास हवाच असेल तर सरळ गवती चहा घ्यावा. त्यातला सिट्रल साबणात बऱ्यापैकी तग धरतो, फक्त वडी पिवळसर होते. मला ती छटा आवडते. पांढरीशुभ्र वडी हवी असणाऱ्यांनी मात्र नाद सोडावा.

लवंग तेल मुद्दाम अर्धाच टक्का घातलं, कारण त्यातलं युजेनॉल त्वचेला झोंबू शकतं. तेवढ्यानेही चार वेळा ढवळेपर्यंत मगात शिरा तयार! युजेनॉल लायशी (कॉस्टिक सोड्याच्या पाण्याशी) लगेच जुळतं आणि मिश्रण आवळतं. साच्यात चमच्याने दाबून भरावं लागलं. वास अजून खणखणीत आहे, पण नक्षी किंवा दोन रंगांचे फराटे विसरा.

फ्रेग्रन्स ऑइलमध्ये (कारखान्यात बनवलेल्या सुगंधी तेलांत) मोगरा आणि व्हॅनिला घेतलं. मोगऱ्याने घट्ट व्हायची घाई केली, फुलांचे वास बरेचदा करतातच. त्यावर माझा उपाय असा: पाणी कमी करायचं नाही, तेल आणि लाय दोन्ही कोमट होऊ द्यायचं, वास शेवटी घालायचा आणि स्टिक ब्लेंडर बाजूला ठेवून हातानेच ढवळायचं. वास मात्र आजही ताजा, आणि हे कबूल करायला हवं की फुलांच्या बाबतीत फ्रेग्रन्स ऑइलला पर्याय नाही. खऱ्या मोगऱ्याचा अर्क साबणात ओतणं माझ्या खिशाला तरी झेपणार नाही. आणि स्वस्तात मिळणारी ‘चंदन तेला’ची बाटलीही फ्रेग्रन्स ऑइलच असते, हे धरून चाला.

व्हॅनिलाची गंमत सगळ्यात पाहण्यासारखी. ओतलं तेव्हा दुधाळ, नंतर कडेपासून रंग चढत गेला. परवा वडी मधोमध कापली तर बाहेर गडद तपकिरी पट्टा आणि आत अजून फिकट गाभा. हे व्हॅनिलाच्या वासातल्या व्हॅनिलिनचं काम. अर्ध्या मिश्रणात वास न घालता पांढरा भाग राखायची युक्ती बरेच जण सांगतात, पण माझ्या वडीत तो तपकिरी रंग हळूहळू पांढऱ्या भागातही झिरपलाय. त्यापेक्षा कॉफी घालून वडी सरळ तपकिरीच करावी. नवीन बाटली घेताना व्हॅनिलिन किती टक्के आणि साबणासाठी इफ्राची (आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेची) मर्यादा किती, हे दुकानदाराला विचारून घ्या. सांगता येत नसेल तर मी ती बाटली घेत नाही.

दिवाळीसाठी मी गवती चहा आणि नागरमोथा ठरवलंय, ३ भागाला १. नागरमोथ्याचं तेल जड, मातकट, सावकाश उडणारं. त्याच्या सोबतीने गवती चहाही रेंगाळतो, आणि अभ्यंगाला उटण्याची आठवण आपोआप येते. मिश्रण हलकंच राहतं, त्यामुळे वर नक्षी काढायला सवड मिळते. हा घाणा या आठवड्यातच घालायला हवा, नाहीतर ४ ते ६ आठवडे धरता नरकचतुर्दशीला वड्या ओल्याच राहतील. केवड्याचं फ्रेग्रन्स ऑइल कोणी वापरलंय का? घट्ट होतं की निवांत राहतं, तेवढं कळवा.