अनौरस ड्यूकचे औरस वारस

लंडनमध्ये मी लोकांच्या वंशावळी शोधून देते. राजघराण्याशी नातं निघावं अशी आस घेऊन येणारे पुष्कळ. बहुतेकांची हौस दोन-चार जन्मदाखल्यांतच फिटते. हे निवृत्त आजोबा मात्र पणजोबांची मोहोरेची अंगठी घेऊनच आले.

मोहोरेवर सगळं उलटं कोरलेलं असतं, म्हणून आधी लाखेवर ठसा उठवला. सिंह, लिलीची फुलं, आयर्लंडची वीणा. इंग्लंडच्या स्टुअर्ट राजांच्या कुलचिन्हाचीच ढाल! आणि तिच्यावर उजव्या वरच्या कोपऱ्याकडून डावीकडे खाली उतरणारी आखूड दांडी, कडांना न टेकणारी. रक्त राजाचं, पण लग्नाबाहेरचं, असं ती दांडी सांगते.

हे सगळं सतराव्या शतकातल्या स्टुअर्ट राजाचं, दुसऱ्या चार्ल्सचं देणं. त्याच्या राणीच्या, कॅथरीनच्या हुंड्यात आपली मुंबई गेली, पण तिला मूल लाभलं नाही. राजाने बाहेरची डझनभर मुलं मात्र उघडपणे आपली म्हटली आणि बहुतेक मुलग्यांना ड्यूक, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचे सरदार, करून टाकलं. नटी नेल ग्विनचा मुलगा सेंट ऑल्बन्सचा ड्यूक, बार्बरा व्हिलियर्सचा एक ग्राफ्टनचा, फ्रेंच लुईझचा रिचमंडचा. रिचमंडला वर न्यूकॅसलच्या कोळशावरची जकात! थोरला मुलगा मॉन्मथ 1685 साली गादीसाठी, राजा झालेल्या काकावर उठला आणि शिरच्छेद ओढवून घेतला, पण त्याची बायको स्वतःच्या हक्काने बक्लूची डचेस होती, म्हणून ते घराणं तगलं. ही चारही ड्यूकपदं आज चालू आहेत. ग्राफ्टनच्या तिसऱ्या ड्यूकने तर पंतप्रधानपदही भोगलं. आपल्याकडे लेकावळ्यांना सरदारक्या मिळाल्या, तसंच काहीसं.

आजोबांची अंगठी यांतल्या कोणत्या घराण्याची, ते इथे सांगत नाही. कारण अंगठीने काहीच सिद्ध होत नाही. ती बक्षीस मिळते, लिलावात मिळते, उचललीही जाते. कागद होता तो पणजोबांचा जन्मदाखला. आई मोठ्या हवेलीत मोलकरीण, वडिलांच्या रकान्यात नुसती रेघ.

"समजा, बाप ड्यूकच होता असं निघालं, तर?" त्यांनी विचारलं.

तर काहीच नाही, मी म्हटलं. राजाने दिलेल्या सनदेप्रमाणे पद जातं ते फक्त विवाहातून जन्मलेल्या मुलग्यांच्या वंशाकडे. 1926 च्या कायद्याने आईबापांनी मागाहून लग्न केलं तर मूल औरस ठरायला लागलं, पण सरदारकीचा वारसा त्यातूनही वगळला. थोडक्यात, ज्या घराण्याचा मूळपुरुषच अनौरस, तिथे अनौरसाला दार बंद.

आजोबा इतके हसले की शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मान वर केली. मग अंगठी खिशात टाकत म्हणाले, "ड्यूक राहू दे. त्या मोलकरणीचं गाव शोधून द्या. तिचं नाव तरी दाखल्यावर आहे."

त्याच दुपारी मी जनगणनेच्या नोंदी उघडल्या. तिचा बाप शेतमजूर निघाला, आणि पाठची चार भावंडंही सापडली.